नाव कमावले, नोंदवले का?

१९९३ साली भारताच्या शीतपेय बाजारात एक मोठा व्यवहार झाला. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही पार्ले समूहाची लोकप्रिय पेये अमेरिकेच्या कोका-कोला कंपनीने विकत घेतली. १९७७ साली देश सोडून गेलेल्या या कंपनीला परतताच तयार बाजारपेठ मिळाली. या व्यवहारात खरी मोलाची वस्तू कोणती होती? बाटल्या भरण्याची यंत्रे पैसे मोजले की कोठेही मिळतात. साखर आणि पाणी यांचे तर बोलायलाच नको. मोल होते ते नावांचे. गोल्ड स्पॉट हे नाव पुढे बाजारातून नाहीसे झाले. थम्स अपने मात्र २०२१ साली भारतात एक अब्ज डॉलरच्या विक्रीचा टप्पा गाठला. ज्याच्या हाती नावाची मालकी आली, त्याने हवे ते मिटवले आणि हवे ते वाढवले. पुढे २०२२ साली बाजारातून जवळजवळ अस्तंगत झालेले कॅम्पा हे नाव रिलायन्सने विकत घेतले आणि त्या नावाची पेये पुन्हा दुकानांत दिसू लागली. वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेल्या नावालाही गिऱ्हाईक मिळते, कारण लोकांच्या मनातील ओळख ही संपत्ती असते आणि ती कष्टाने कमावलेली असते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अजिबात अपरिचित नव्हती. ज्या काळी ग्राहकांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती, त्या काळी ‘छाप’ आणि ‘मार्का’ यांवरच व्यापार चालत असे. १९३१ साली गिरगावातील दांडेकर बंधूंनी शाईची पूड विकायला प्रारंभ केला, तो ‘घोडा छाप’ या नावाने. त्याच उद्योगातून पुढे कॅमल आणि कॅम्लिन ही नावे मराठी घराघरांत आणि देशभरातील शाळाशाळांत पोहोचली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने या उद्योगात बहुमताचा हिस्सा घेतला, तेव्हा तिला कारखान्यासोबत पिढ्यान्‌पिढ्यांच्या कंपासपेट्यांतील विश्वासही लाभला. त्याच गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, यंत्रे नव्हती. होती ती चव आणि सचोटी. ती सचोटी ‘लिज्जत’ या एका शब्दात साठत गेली आणि तो शब्दच हजारो स्त्रियांच्या स्वाभिमानी उपजीविकेचा आधार झाला. ज्याच्यापाशी दुसरे काही नाही, त्याचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. म्हणूनच ते जपण्याची गरज धनाढ्य उद्योगसमूहांपेक्षा लहान उद्योजकाला अधिक आहे.

वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. मोठ्या कंपन्या आपल्या नावातील प्रत्येक अक्षरावर पहारा ठेवतात. आपल्या गावातील चिवड्याचा नामांकित दुकानदार, लोणची-मसाले करणारा महिला बचत गट, आयुर्वेदिक तेल काढणारा वैद्य, शेतीची अवजारे घडवणारा कारखानदार मात्र ‘आमचे गिऱ्हाईक आम्हाला ओळखते’ या समाधानात असतो. वडिलांनी चाळीस वर्षे घाम गाळून नावलौकिक मिळवलेला असतो. मुलगा तोच माल दुसऱ्या शहरात किंवा ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर नेऊ पाहतो. तेथे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची विचारणा होते आणि मग ध्यानात येते की, तेच नाव, त्याच मालासाठी, कोणी परक्याने आपल्या नावावर करून घेतले आहे. उलट वकिलाची नोटीस आपल्याच दाराशी येते. घर आपले, आणि दारावर पाटी दुसऱ्याची! तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही वृत्ती आपल्या उद्योजकांना किती महागात पडते, याचा कधीतरी गांभीर्याने विचार व्हायला हवा.

या निष्काळजीपणाच्या मुळाशी काही गैरसमज आहेत. दुकानाचा परवाना काढला, कंपनीची नोंदणी झाली, उद्यम प्रमाणपत्र हाती आले, अन्न परवाना आणि जीएसटी क्रमांक मिळाला, की नाव आपले झाले, असे पुष्कळांना वाटते. यांपैकी एकही कागद नावावरचा हक्क देत नाही. कंपनी निबंधकाने एखादे नाव मंजूर केले, याचा अर्थ ते बाजारात मालावर लावण्याचा अनन्य अधिकार मिळाला, असा होत नाही. तो अधिकार व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ या कायद्याखाली मिळतो. १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेल्या या कायद्याने केवळ वस्तूंच्याच नव्हे, तर सेवांच्या नावांनाही संरक्षण दिले. आज खानावळ, शिकवणी वर्ग, प्रवास कंपनी किंवा रुग्णालय यांनाही आपले नाव नोंदवता येते.

नोंदणी नसलेला माणूस अगदीच निराधार असतो, असे नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध नोंदणीवाचूनही दाद मागता येते, आणि आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी मिळवणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध ‘इरुट्टुकडै हलव्या’च्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधोरेखित केले. परंतु या मार्गाची किंमत लक्षात घ्यावी. नाव आपण केव्हापासून वापरतो, ते किती दूरवर पोहोचले, ग्राहक ते आपल्याशीच कसे जोडतात, हे सारे न्यायालयात सिद्ध करावे लागते. त्यासाठी जुनी बिले, जाहिराती, हिशेबाच्या वह्या लागतात. तीस वर्षांपूर्वीची पावतीपुस्तके किती जणांकडे जपून ठेवलेली असतात? नोंदणी असेल तर हे ओझे पुष्कळच हलके होते. नोंदणीचे प्रमाणपत्र हाच मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, आणि केवळ आपल्या गावापुरता नव्हे, तर संपूर्ण देशासाठी.

नावाचे साम्य किती असले म्हणजे ते नक्कल ठरते, याचेही उत्तर आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी दिले आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. भाषापंडित या दोन शब्दांचे अर्थ वेगळे सांगेल. न्यायालयाने मात्र सर्वसामान्य बुद्धीच्या आणि अंधुक आठवणीवर विसंबून खरेदी करणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने विचार केला आणि अशा ग्राहकाची फसगत होऊ शकते, हे मान्य केले. २००१ साली कॅडिला या एकच नाव लावणाऱ्या दोन औषध कंपन्यांच्या वादात न्यायालय याही पुढे गेले. हिवतापावरील औषधांच्या नावांतील साम्याचा तो प्रश्न होता. औषधाच्या नावातील घोटाळा जिवावर बेतू शकतो, म्हणून तेथे कसोटी अधिक कडक हवी, असे न्यायालयाने बजावले. नाव थोडे बदलून वेष्टन तसेच ठेवण्याची युक्तीही चालत नाही. पेंढरकर कुटुंबाच्या विको कंपनीने आपल्या हळदीच्या क्रीमच्या ट्यूबच्या रंगरूपाची नक्कल झाली म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९७९ साली न्यायालयाने त्या नकलेला मनाई केली. म्हणजे व्यापारचिन्हाचा कायदा हा केवळ व्यापाऱ्याचा कायदा नाही. खोट्या मालापासून ग्राहकाचे रक्षण करणारे ते कवच आहे.

नाव निवडतानाच सावध राहिले, तर पुढचे बरेच तंटे टळतात. ‘शुद्ध तूप’, ‘उत्तम मसाले’, ‘स्वादिष्ट’ असे केवळ गुणवर्णन करणारे शब्द, किंवा मालाच्या उगमाचा पत्ता सांगणारे गावाचे नाव, यांची मक्तेदारी कायदा सहजासहजी कोणाला देत नाही, आणि ते योग्यच आहे. उद्या एखाद्याने ‘शुद्ध’ हा शब्द आपल्या नावावर केला, तर इतरांनी काय विकायचे? आडनावांचेही तसेच आहे. आपल्याकडे आडनाव हेच दुकानाचे नाव ठेवण्याची जुनी प्रथा आहे. पण आडनावाला बाजारात स्वतंत्र ओळख मिळण्यास फार मोठी तपश्चर्या लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगरापासून इंजिनांपर्यंत मजल मारली, तेव्हा कुठे त्या आडनावाला उद्योगविश्वात निराळा अर्थ प्राप्त झाला. नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने हा निराळा अर्थ मान्य करून त्या नावाला संरक्षण दिले. सर्वसामान्य उद्योजकाने मात्र मालाचे वर्णन न करणारा, कोणी न वापरलेला, उच्चारायला सोपा असा शब्द शोधावा, हेच शहाणपणाचे. संस्कृत आणि मराठी यांच्या शब्दभांडारात अशा शब्दांना तोटा नाही. त्यासाठी अर्थहीन इंग्रजी नावांच्या मागे धावण्याचे कारण नाही.

नावाचा मालक कोण, हे कुटुंबातही वेळीच ठरलेले असावे. हल्दीराम हे नाव आज जगभर पोहोचले आहे. त्याची एक मोठी शाखा आपल्या नागपुरात आहे. परंतु १९७४ साली या कुटुंबाच्या भागीदारीचे विसर्जन झाले, तेव्हा नावाचा हक्क प्रदेशवार वाटला गेला आणि त्यातून उद्भवलेला तंटा २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेत, घर, दागिने यांच्या वाटणीचे कागद आपण काळजीपूर्वक करतो. नाव मात्र ‘सगळ्यांचेच’ म्हणून सोडून देतो. दोन भावांची दोन दुकाने समोरासमोर, दोघांच्याही पाटीवर एकच नाव आणि त्याखाली ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य, असे दृश्य महाराष्ट्राच्या अनेक गावांत दिसते. त्यावर आपण हसतो, पण ते हसण्यासारखे नाही. एका पिढीने जोडलेली पत दुसरी पिढी अशी वाटून संपवत असते.

परकीय कंपन्यांसमोर आपला लहान उद्योजक टिकणार कसा, असा निराशेचा सूर अनेकदा ऐकू येतो. त्यांनी टोयोटाचा खटला अवश्य अभ्यासावा. जपानच्या या बलाढ्य कंपनीने १९९७ साली आपल्या देशात ‘प्रियस’ ही मोटार बाजारात आणली. भारतात मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी २००१ पासून हेच नाव वापरत होती आणि २००२ साली तिने त्याची नोंदणीही केली होती. टोयोटाने तिला न्यायालयात खेचले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जगात नाव असून भागत नाही. २००१ साली भारतात त्या नावाला लौकिक होता, हे टोयोटाला दाखवता आले नाही. भारतीय कंपनीचा हक्क अबाधित राहिला. मात्र या निकालाचा अर्थ परक्याचे प्रसिद्ध नाव बेधडक उचलावे, असा कोणी काढू नये. व्हर्लपूल कंपनीच्या चिन्हाची भारतातील नोंदणी १९७७ साली संपलेली असतानाही, तिच्या नावाचा लौकिक येथे पोहोचला आहे म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच नावाने धुलाईयंत्रे विकणाऱ्या भारतीय व्यावसायिकांना मनाई केली होती. उसन्या नावावर उभा केलेला व्यवसाय हा स्वदेशी म्हणवून घेण्यास पात्र नाही. स्वदेशीचा अर्थच मुळी स्वतःच्या गुणवत्तेवर, स्वतःच्या नावाने उभे राहणे, असा आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. काही नावे कोणा एकाची होऊ शकत नाहीत, कारण ती सर्वांची असतात. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी आपल्या एकट्याच्या मालकीचे व्हावे, असा दावा एका व्यावसायिकाने केला होता. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणाही एका व्यापाऱ्याला मक्तेदारी सांगता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हांना कायद्यातच मज्जाव आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व प्रतिमा यांचा व्यापारी वापर रोखण्याची तरतूद तर १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीतच आहे. असे असूनही मे २०२५ मध्ये आपल्या सैन्याने ‘ऑपरेशन सिंदूर’ आरंभले आणि त्याच दिवसापासून त्या नावावर हक्क सांगणारे अर्ज व्यापारचिन्ह कार्यालयात येऊ लागले. त्यांत रिलायन्स समूहातील एका कंपनीचाही अर्ज होता. लोकक्षोभ उसळताच तो दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आला. जवान सीमेवर प्राण पणाला लावत असताना त्यांच्या पराक्रमाचे नाव मनोरंजनाच्या बाजारासाठी राखून ठेवण्याची बुद्धी व्हावी, हे लक्षण चांगले नाही. स्वतःचे नाव जपणे हे कर्तव्य आहे, तसेच समाजाचे नाव बळकावण्यापासून दूर राहणे हेही कर्तव्यच आहे.

ज्या नावावर एका संपूर्ण परिसराचा हक्क असतो, त्यासाठी कायद्याने भौगोलिक मानांकनाची निराळी वाट दाखवली आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी हे मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला उल्लेखावाचून मांडल्या आणि महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. परंतु मानांकनाचे नोंदणीकृत मालक असलेली महामंडळे पुढे न येता इतरांनी केलेली ती याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी सामंजस्य करार केला. ज्यांच्या नावे नोंद आहे, त्यांच्याशीच जगाला बोलावे लागते, हा या घटनेचा धडा आहे. संताप क्षणिक असतो, नोंद टिकाऊ असते.

मग ही नोंद अवघड आहे का? मुळीच नाही. २०१७ च्या नियमांनी अर्जांचे ७४ नमुने कमी करून अवघे ८ केले. व्यक्ती, नवउद्योग किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. इतरांना ते ९,००० रुपये पडते. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. लोणच्यासाठी २९ वा, मसाल्यांसाठी ३० वा, खानावळीसाठी ४३ वा, औषधांसाठी ५ वा, अशी ही विभागणी आहे. वर्ग चुकला की संरक्षणही चुकते, म्हणून येथे जाणकाराचा सल्ला घ्यावा. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. अर्जापूर्वी तसे नाव आधीच कोणाचे आहे का, याचा शोध संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. कार्यालयाने आक्षेप घेतला, तर मुदतीत उत्तर द्यावे लागते. चिन्ह शासकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले की चार महिन्यांच्या आत कोणालाही हरकत नोंदवता येते. ही तरतूद दुधारी आहे. आपल्या नावाशी मिळतेजुळते नाव दुसरा कोणी नोंदवत असेल, तर त्याच चार महिन्यांत आपणही जागे असायला हवे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदवलेले नाव सलग पाच वर्षे वापरलेच नाही, तर ते रद्द होऊ शकते. परदेशी माल पाठवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, भारतातील नोंदणी दुबईत किंवा अमेरिकेत चालत नाही. मात्र जुलै २०१३ पासून भारत माद्रिद व्यवस्थेचा सदस्य असल्याने एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत संरक्षण मागता येते.

घरातील एखाद्या मंगलकार्याच्या रोषणाईवर यापेक्षा कितीतरी अधिक खर्च आपण सहज करतो. तेव्हा प्रश्न पैशांचा नाही, जाणिवेचा आहे. ही जाणीव निर्माण करण्याचे काम उद्योजकांच्या संघटनांनी, व्यापारी मंडळांनी, सहकारी बँकांनी आणि वाणिज्य महाविद्यालयांनी हाती घ्यावे. बचत गटाला कर्ज देताना ‘तुमच्या मालाचे नाव काय, आणि ते नोंदवले आहे का’ हा प्रश्न बँकेने विचारायला काय हरकत आहे? प्रत्येक तालुक्यातील दोन-चार तरुण वकिलांनी आणि सनदी लेखापालांनी महिन्यातील एक दिवस या कामासाठी दिला, तर शेकडो लहान व्यवसाय सुरक्षित होतील. राष्ट्राची आर्थिक शक्ती मूठभर मोठ्या कंपन्यांत नसून अशा असंख्य लहान व्यवसायांत असते, हे आपण नेहमी म्हणतो. ते म्हणणे खरे करण्याचा हा एक साधा, हाताशी असलेला मार्ग आहे.

अर्थात प्रमाणपत्र भिंतीवर लावले, म्हणजे सारे संपले, असे नव्हे. नोंदणी नावाचे रक्षण करते. नावाला अर्थ देते ती मालाची गुणवत्ता. भेसळीचा मसाला नोंदणीकृत नावाने विकला, म्हणून तो चोख होत नाही. पण चोख माल करूनही नावाची मालकी दुसऱ्याकडे जाऊ देणे, हा स्वतःच्या कष्टांवर आणि पुढच्या पिढीवर केलेला अन्याय आहे. बापजाद्यांच्या जमिनीचा सातबारा आपण प्राणपणाने जपतो. नावाचाही सातबारा असतो. तो आपल्या नावे आहे की नाही, हे या पाडव्याला वहीपूजन करण्यापूर्वी प्रत्येक व्यावसायिकाने एकदा तपासून पाहावे.